चार वाजून त्रेपन्न मिनिटं

“पाच न्हवं,” आप्पा म्हणाले. “चार त्रेपन्न.”

मी वहीतून मान वर केली. स्वयंपाकघरातल्या टेबलाशी आम्ही दोघं बसलो होतो. आप्पांच्या पुढ्यात ताटलीभर लसूण होता आणि ते एकेक पाकळी नखानं सोलत होते. त्यांचा डावा कान पार गेलेला, उजव्यात यंत्र. म्हणून मी उजवीकडे खुर्ची ओढून, वर्गात वाचते तसं खणखणीत वाचून दाखवत होते.

“काय चार त्रेपन्न?”

“भोंगा. सांजचा.”

“आप्पा, अख्खी वसाहत त्याला पाचचा भोंगा म्हणायची.”

“म्हणू दे की. वाजवायचो मी.”

एवढं बोलून ते पुन्हा लसणाकडे वळले. मी मनात म्हटलं, शहात्तर वर्षांचा माणूस, चालायचंच. वहीत ‘पाच’च ठेवलं.

आप्पा म्हणजे माझे वडील, महिपती लोहार. जांभूळखोरे धरणाच्या वसाहतीत वर्कशॉपवर होते आणि सकाळ-संध्याकाळचा भोंगा त्यांच्याकडे होता. धरण पूर्ण झालं, माणसांच्या बदल्या झाल्या, त्र्याण्णव साली वसाहत पाडली. पुढे पंचवीस वर्षांनी कुणीतरी व्हॉट्सअ‍ॅपवर ‘जांभूळखोरे परिवार’ नावाचा ग्रुप काढला आणि पांगलेली दोन-अडीचशे घरं तिथं पुन्हा गोळा झाली. आधी सुप्रभात, मग वाढदिवस, मग जुने फोटो. हे सगळं संपल्यावर निशिकांत पोतनीसच्या डोक्यात आलं की वसाहतीचा पॉडकास्ट काढायचा. निशिकांत माझ्या वर्गातला, साताऱ्यात त्याचं कॉम्प्युटरचं दुकान आहे. दर पंधरा दिवसांनी एका जुन्या माणसाची आठवण रेकॉर्ड करायची, आणि पॉडकास्टचं नाव ‘भोंगा’. प्रत्येक भागाच्या सुरुवातीला वाजणारी चाळीस सेकंदं कुणी लिहायची, यासाठी त्यानं ग्रुपवर स्पर्धा लावली. शब्द शंभराच्या आत, कुठल्याही व्यक्तीचं नाव नको, मजकूर निशिकांतकडे पाठवायचा. तो नावं झाकून सगळे मजकूर टाकणार आणि शनिवारी मतदान. ज्याचा मजकूर निवडला जाईल, त्यानंच तो वाचायचा.

मला ती स्पर्धा जिंकायचीच होती. मी शाळेत मराठी शिकवते, गावातल्या प्रत्येक सत्काराचं मानपत्र माझ्याकडे लिहायला येतं, त्यामुळे थोडा ताठा होताच. पण खरं कारण ते नव्हतं. माझी आई त्याच वसाहतीत असताना गेली. मी चार वर्षांची होते. तिचा एक फोटो आहे, लग्नातला, त्यात ती खाली बघते आहे. तिचा आवाज मला आठवत नाही. ती कसं बोलायची, मला काय हाक मारायची, रागावली की काय म्हणायची, यातलं एक वाक्य माझ्याजवळ नव्हतं. आप्पांना विचारलं की ते उठून काहीतरी काम काढायचे. ग्रुपवर मी एकदा धीर करून विचारलं होतं, की हौसाबाई लोहार कुणाला आठवतात का. वीस-बावीस जणांनी हात जोडलेलं चित्र पाठवलं. तिघींनी लिहिलं, ‘फार चांगली होती गं.’ मेलेली सगळीच माणसं फार चांगली असतात. मला त्याचं काय करायचं होतं?

तेव्हा वाटलं, ही चाळीस सेकंदं माझ्या आवाजात वाजू लागली, तर दर पंधरवड्याला सगळ्यांच्या कानावर पडेन. एखादी म्हातारी म्हणेल, अगं ही तर हौसाची मालन, हिची आई असं असं बोलायची. तिचं एक वाक्य मिळावं, एवढ्यासाठी माझी सगळी धडपड होती.

म्हणून मी जीव तोडून लिहिलं. सह्याद्रीच्या कुशीत, गर्द झाडीत, पाचचा भोंगा घुमतो आणि चाळीचाळींतून चुलींचा धूर उठतो, असं सगळं. तसं ते मानपत्रच झालं होतं, पण तेव्हा मला फार आवडलं.

तेवीस मजकूर आले. त्यातल्या निम्म्यांत तरी भोंगा पाचलाच वाजत होता. शनिवारी संध्याकाळपर्यंत मतं पडली आणि माझा मजकूर पहिला आला. मी आप्पांना सांगितलं.

“बरं झालं,” ते म्हणाले. मग जरा थांबून, “पाचच ठेवलंस न्हवं?”

“सगळ्यांनीच पाच लिहिलंय.”

“ठेव मग.”

त्यांच्या बोलण्यात राग नव्हता. राग असता तर मी कदाचित पुढे विचारलं असतं.

रविवारी निशिकांतनं रेकॉर्डिंगला अकराला बोलावलं. भोंग्याचा आवाज पारखायला आप्पांनाही आणायला सांगितलं होतं. आम्ही पोचलो तेव्हा त्याच्या दुकानातल्या भिंतीवरच्या घड्याळात अकरा वाजून गेले होते.

“उशीर झाला का रे?” मी विचारलं.

“नाही गं, ते पुढं आहे. बाबांनी लावलेलं. आमच्याकडे घड्याळ पुढंच असतं.”

“आमच्याकडेही,” मी म्हटलं. “मला वाटायचं, आप्पांना शाळेच्या उशिराची धास्ती.”

“वसाहतीतली सवय असेल,” निशिकांत हसला. “तुला आठवतं, रेडिओवरच्या बातम्या आपल्याकडे उशिरा यायच्या?”

मला चांगलं आठवत होतं. संध्याकाळी सातच्या बातम्या लागायच्या तेव्हा वसाहतीतल्या घड्याळांत सात कधीच वाजून गेलेले असायचे. आम्ही मुलं त्यावर वाद घालायचो आणि शेवटी निशिकांतनंच निकाल दिला होता, की मुंबई-दिल्ली लांब आहे, तिथून बातमी घाटातून वर यायला वेळ लागणारच. चौथीपर्यंत आमचा सगळ्यांचा हाच भूगोल होता. गुरुजींनीही कधी दुरुस्त केला नाही.

दुकानामागच्या खोलीत त्यानं भिंतींना रजया टांगल्या होत्या, आवाज घुमू नये म्हणून. आप्पांच्या उजव्या कानाला हेडफोन लावून त्यानं इंटरनेटवरून मिळवलेले चार भोंगे ऐकवले.

पहिला ऐकून आप्पा म्हणाले, “ही ॲम्ब्युलन्स हाय.”

दुसऱ्याला म्हणाले, “ह्यो गिरणीचा. आपला न्हवं.” तिसरा आणि चौथा त्यांनी पुरता ऐकलाच नाही. हेडफोन काढून निशिकांतच्या हातात दिला. “आपला जाड सुरू व्हायचा आन् बारीक होत जायचा. शेवटाला पोरगं रडून दमल्यागत. तसला कुठं गावायचा न्हाई आता.” आणि ते बाहेर जाऊन दुकानाच्या पायरीजवळच्या स्टुलावर, उन्हात बसले.

मी वाचायला सुरुवात केली. दोनदा अडखळले, तिसऱ्यांदा सलग जमलं. निशिकांत अंगठा वर करतोय तोच त्याचा फोन वाजला. त्यानं ऐकलं, हो हो म्हणाला आणि फोन माझ्याकडे दिला. “शेडबाळे काका, सांगलीहून. विचारतायत, पाच कुणी लिहिलं.”

शेडबाळे काका वसाहतीचे टाइमकीपर होते. कोण कामावर कधी आला, कधी गेला, हे लिहिण्याचं काम त्यांचं. वर्कशॉपच्या दारावरचं मोठं घड्याळही त्यांच्याच ताब्यात. वय ब्याऐंशी, पण आवाज अजून हजेरी घेतल्यासारखा.

“कोण, महिपतीची मुलगी का? तूच लिहिलंस पाच?”

“हो काका. चुकलं का?”

“चुकलं. तुला वडिलांनी सांगितलं नाही?”

“ते चार त्रेपन्न म्हणत होते. मला वाटलं, विसरले असतील.”

काकांनी विचारलं, “महिपती आहे का तिथं?”

“बाहेर बसलेत. पण त्यांना एवढ्यावरून ऐकू येत नाही.”

“मग सांगतो. तो असता तर नसतं सांगितलं. तुझ्या आईला तालुक्याच्या दवाखान्यात ठेवलं होतं, ते ठाऊक आहे ना?”

“हो. छातीचं दुखणं होतं.”

“पाच महिने होती. भेटायची वेळ सातपर्यंत. आपल्या फाट्यावरून तालुक्याला जाणारी एसटी पाच वाजून पाच मिनिटांनी. त्यानंतरची एकदम साडेसहाला, ती धरून उपयोग नाही. आणि वर्कशॉपपासून फाटा किती?”

“बारा मिनिटं,” मी म्हटलं. ते वसाहतीतल्या प्रत्येक मुलाला पाठ होतं.

“मग पाचला भोंगा देऊन निघालेला माणूस गाडी कशी पकडणार? भोंगा दिल्याशिवाय त्याला जागा सोडता येत नव्हती, आणि दुसऱ्या कुणाला तो देता येत नव्हता, वाफेचं काम होतं. पहिले आठ दिवस तो पळत जायचा. एकदाही गाडी मिळाली नाही. फाट्यावर उभा राहून मागं यायचा. आम्ही बघत होतो.”

मी रजईला टेकून उभी राहिले.

“मग एका सोमवारी मी शिडी लावली आणि वर्कशॉपचं घड्याळ सात मिनिटं पुढं केलं. कामाचे तास कमी व्हायला नकोत म्हणून सकाळचा भोंगाही तेवढाच आधी. साहेबांना सांगितलं. ते म्हणाले, वसाहतीत घड्याळ तुमचं, मी माझं त्यावर लावतो. संध्याकाळपर्यंत बायकांनी घरातली घड्याळं पुढं केली. शाळेनं केलं, दवाखान्यानं केलं, किराणावाल्यानं केलं. कुणी कुणाला कारण विचारलं नाही. बाहेर बोलायचं नाही, एवढंच ठरलं, नाहीतर वरून चौकशी आली असती.”

“आणि आई गेल्यावर?”

“दिवस घातले, मग मी शिडी लावली, काटा मागं घ्यायला. खाली महिपती उभा. काही बोलला नाही. नुसता बघत होता. मी तसाच उतरलो. पुन्हा कुणी शिडी लावली नाही. वसाहत पाडेपर्यंत ते घड्याळ पुढंच होतं, बाई. चौदा वर्षं.”

निशिकांतनं सगळं ऐकलं होतं, कारण काकांचा आवाज फोनबाहेर येत होता. तो वळून दारातून दुकानातल्या घड्याळाकडे बघत होता. मी माझा मोबाईल काढून त्याच्यासमोर धरला. घड्याळ सात मिनिटं पुढं होतं. सहाही नाही आणि आठही नाही.

मी बाहेर आले. आप्पा उन्हात पाय लांब करून बसले होते, हातात रिकामा चहाचा कप. मी त्यांच्या उजव्या बाजूला, पायरीवर बसले.

“शेडबाळे काकांचा फोन होता.”

“हायेत व्हय अजून?” त्यांना बरं वाटलं. मग माझ्या तोंडाकडे बघून ते काय ते समजले आणि रस्त्याकडे बघू लागले.

“मला का नाही सांगितलंत आप्पा?”

“त्यात सांगन्यासारखं काय? गाडी गाठायची व्हती, गाठली.”

“चार वर्षांची होते मी. मला तिचं काही आठवत नाही. तुम्ही एक शब्द बोलत नाही. मी कुठकुठून गोळा करत हिंडते, लोकांना विचारते, आणि तुम्ही घरात बसून लसूण सोलता.”

मी वडिलांशी अशी कधी बोलले नव्हते. रस्त्यावरून एक रिक्षा गेली. आप्पांनी कप स्टुलाखाली ठेवला. आता उठून काहीतरी काम काढतील, असं मला वाटलं. पण तिथं काढायला काम नव्हतं.

“भ्यायची ती,” ते म्हणाले. “मी दारातनं आत आलो की पयलं इचारायची, झाला का भोंगा? मला बस म्हनायच्या आधी. तिला वाटायचं, मी भोंगा न देताच पळून येतोय आन् माझी नोकरी जातीय. मी म्हनायचो, झाला. मग ती पाय जवळ घ्यायची आन् मला बसाया जागा करायची. रोज. शेवटल्या दिवशीबी.”

“तिला सांगितलं नाहीत? सात मिनिटांचं?”

“न्हाई. सांगितलं असतं तर माघारी धाडलं असतं तिनं. लई मानी व्हती. सगळ्या वसाहतीला माझ्यापायी तरास नको म्हनली असती.”

“कसं म्हणायची?”

“काय?”

“झाला का भोंगा. कसं म्हणायची ती?”

आप्पांनी माझ्याकडे बघितलं. मग त्यांनी ते म्हणून दाखवलं. आपल्या घोगऱ्या म्हाताऱ्या आवाजात, ‘झाला’वर जोर देऊन, आणि ‘भोंगा’ला आवाज खाली सोडून. पुन्हा एकदा म्हटलं, कारण पहिल्यांदा त्यांना बरोबर वाटलं नाही. तिसऱ्यांदा मी त्यांच्याबरोबर म्हटलं. ते मान हलवून म्हणाले, “आसंच. तुझं बरोबर येतंय.”

आम्ही दोघं भर दुपारी दुकानाच्या पायरीवर बसून एक वाक्य घोकत होतो. समोरचा औषधवाला आमच्याकडे बघत होता. बघू दे, म्हटलं. चाळीस वर्षं मी त्या वाक्याची वाट बघितली होती.

मी आत जाऊन निशिकांतला सांगितलं, की मजकूर बदलायचा आहे.

“आता?” तो कान खाजवत म्हणाला. “मालन, मतदान झालंय गं. निवडला तो मजकूर वेगळा. लोक म्हणतील, स्पर्धा कशाला घेतली मग?”

“मग माझा मजकूर बाद कर. दुसऱ्या नंबरचा घे. पण त्यातही पाचच असेल.”

तो उठून दुकानात गेला. मग त्यानं दुकानातल्या घड्याळाचा फोटो काढला, शेजारी मोबाईलवरची वेळ धरून, आणि ग्रुपवर टाकला. खाली लिहिलं, ‘आमचं घड्याळ सात मिनिटं पुढं आहे. आणखी कुणाचं आहे?’ बाकी काही नाही.

पहिला फोटो कोल्हापुरातून आला, भिंतीवरचं लंबकाचं घड्याळ. मग नाशिक. मग पुण्यातून दोन. एका बाईनं लिहिलं, ‘सासूबाईंनी लावलेलं, त्या गेल्या तरी मी तसंच ठेवते, का ते माहीत नाही.’ कुणाचं स्वयंपाकघरातलं, कुणाचं देवघराशेजारचं, एकाचं मनगटातलं. एक तर थेट मस्कतहून आलं, तिथल्या वेळेपेक्षा सात मिनिटं पुढं. तासाभरात साठ-सत्तर घड्याळं झाली. कुणी पाच मिनिटं नाही, कुणी दहा नाही. मी आणि निशिकांत त्या रजयांच्या खोलीत जमिनीवर बसून ती बघत होतो आणि मला रडू आवरत नव्हतं. माझ्या आईला सगळे विसरले, असा माझा इतकी वर्षं समज होता.

मग शेडबाळे काकांनी ग्रुपवर आवाजी निरोप टाकला. त्यांनी सगळं सांगितलं, आणि शेवटी म्हणाले, “गुपित माझं होतं, ते मी उघडं करतो. मजकूर दुरुस्त व्हावा.” त्यावर कुणीही हात जोडलेलं चित्र पाठवलं नाही. निशिकांतच्या आईनं एवढंच लिहिलं, ‘व्हावा.’ त्याखाली ‘व्हावा, व्हावा’ अशी रांग लागली.

मी तिथंच वहीच्या मागच्या पानावर नवं लिहिलं. सह्याद्री काढला, कूस काढली, चुलींचा धूर काढला. निशिकांत म्हणाला, भोंगा कुठला लावू? मी म्हटलं, लावूच नकोस. आपला आता मिळायचा नाही. तिथं रिकामी जागा सोड.

पंधरा दिवसांनी पहिला भाग आला. दुपारी जेवणं झाल्यावर मी आप्पांच्या खुर्चीशेजारी, उजव्या बाजूला बसले. त्यांनी यंत्र नीट बसवलं. फोन स्वतःच्या हातात घेऊन, कानाशी धरून त्यांनी डोळे मिटले. मी सुरू केलं.

झाला का भोंगा?

मग चार सेकंद काहीच नाही. आणि मग, तोच माझा आवाज: चार वाजून त्रेपन्न मिनिटं झाली आहेत. ही जांभूळखोरे वसाहत. ज्यांना कुठं पोचायचं आहे, त्यांनी आता निघावं. गाडी मिळेल.

पण ते पुढचं आप्पांनी ऐकलं की नाही, कुणास ठाऊक. त्या चार सेकंदांत त्यांनी फोन कानापासून काढून तोंडाजवळ धरला होता.

“झाला,” ते म्हणाले. “पाय जवळ घे.”